व्हर्ना आत्याचा चौदा नंबर

व्हर्ना आत्याला काही विचारलं की ती आधी "हं" म्हणते. मग थांबते. उत्तर येईल म्हणून आपण उभे, आणि ती तोवर दुसऱ्या कामाला लागलेली असते. आमच्या घराण्यात सगळेच कमी बोलतात, पण प्रत्येकाचं न बोलणं वेगळं ऐकू येतं. बाबा गप्प बसले की नाकातून वारा काढतात, टायरमधून हवा गेल्यासारखा. आर्वो काका, म्हणजे आत्याचा नवरा, गप्प असले की खिशातली नाणी खुळखुळवायचे. आत्याचं गप्प बसणं मात्र फ्रीजसारखं आहे. चालू असतं तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही.

ती बाबांची थोरली बहीण. एकोणतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली, तीही पुढच्या वेळेत. मिशिगनच्या या वरच्या टोकाला दोन वेळा चालतात. आमची काउंटी विस्कॉन्सिनला चिकटलेली, म्हणून आमचं घड्याळ तासाने मागे. पूर्वेला पंचवीस मैल गेलं की रस्त्याकडेला एक पाटी येते, ती ओलांडली की तास पुढे. बाकीचं सगळं राज्य त्या पुढच्या वेळेवर चालतं. आम्ही त्यांना 'पुढची' आणि 'मागची' म्हणतो. दातांच्या डॉक्टरकडे जायचं असलं तरी आधी विचारायचं, कुठली? लग्नाच्या पत्रिकेवर छापतात. मयताच्या जाहिरातीतही असतं. आत्या मागच्या वेळेत झोपायची आणि पुढच्या वेळेत कामाला जायची, आणि एकोणतीस वर्षांत एकही पोर थंडीत रस्त्यावर ताटकळलं नाही. तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर दोन घड्याळं शेजारी शेजारी. आर्वो काकांनी खाली चिकटपट्टी लावून लिहिलं होतं, 'पुढची', 'मागची'.

आणि वर्षातून एक आठवडा मूर्स तळ्यावर.

मूर्स तळं आमच्याकडून पन्नास मैलांवर, पुढच्या वेळेत. काठावर मुक्कामाचा सरकारी तळ आहे, बासष्ट जागा, प्रत्येकीला नंबर. एक टेबल, एक लोखंडी कडं शेकोटीला, विजेचा खांब. चौदा नंबर पाण्याला लागून. तिथे दोन बर्चची झाडं बरोबर झोळी बांधायला लागतं तेवढ्या अंतरावर उभी आहेत. सत्तावीस वर्षं जुलैच्या मधल्या आठवड्यात चौदा नंबर आमचा होता. आमचा म्हणजे कागदावर कुणाचाच नाही. आर्वो काका बुधवारी सकाळी कॅम्पर, म्हणजे चाकांवरची झोपायची खोली, गाडीला जोडून निघायचे, जागा धरायचे, आणि शुक्रवारी आम्ही सगळे. टॉड, आत्याचा एकुलता एक मुलगा, खाली ग्रँड रॅपिड्सला असतो. तो, त्याची बायको कारिन आणि दोन पोरं नऊ तास गाडी हाकून यायची. वर्षात तेवढीच. नाताळला बर्फ असतो, इस्टरला कारिनची आई असते, जुलैला चौदा नंबर.

मग अख्ख्या अमेरिकेला गाडीने फिरायची हुक्की आली.

आमच्या गावातल्या कॅफेच्या डोलोरेसने त्याचा अभ्यास केला आहे. ती पूर्णविराम न घेता बोलते आणि कॉफी ओततानाही थांबत नाही. "काल एक बाई आली ॲरिझोनाची म्हणे गेल्या वर्षी आम्ही क्रोएशियाला होतो मी म्हटलं बरं म्हणे यंदा म्हटलं आपलाच देश बघू मी म्हटलं बघा म्हणे इथलं पाणी तिथल्यापेक्षा निळं आहे मी म्हटलं अंडी कशी हवीत."

कुणी म्हणायचं विमानाची तिकिटं महागली. कुणी म्हणायचं लोकांना कुत्रं मागे ठेवून जायचं नसतं. बाबांचं म्हणणं, एकाने आमच्या धबधब्याचा फोटो टाकला, तोच सगळ्यांनी बघितला. टेक्सास, जॉर्जिया, ओहायो, पेट्रोल पंपावर सगळ्या राज्यांच्या नंबरपाट्या. आणि सगळे छान बोलतात, हे विशेष. त्यांच्यावर रागावताही येत नाही.

"एकाने मला विचारलं," बाबा म्हणाले, "इथे अस्वलं किती वाजता सोडतात?"

"मग काय सांगितलंस?" आर्वो काका.

"म्हटलं, पुढच्या वेळेने विचारताय की मागच्या?"

आर्वो काका नाणी खुळखुळवून हसले. आत्या म्हणाली, "हं."

पण मूर्स तळ्यावर बुधवारी जाऊन जागा मिळेना. मंगळवारी जावं लागलं, मग सोमवारी, आणि मग एका वर्षी तळाच्या दारावर कागद लागला: जागा फक्त संगणकावरून, बरोबर सहा महिने आधी, सकाळी आठला. आर्वो काकांनी ते फार मनाला लावून घेतलं नाही. जानेवारीत, बाहेर उणे वीस, ते स्वयंपाकघरात लॅपटॉपपुढे बसायचे, 'पुढची' लिहिलेल्या घड्याळाकडे मान, बोट बटणावर, मासा गळाला लागायची वाट बघावी तसे. आठ वाजून काही सेकंदांत "झालं" म्हणायचे आणि परत झोपायचे. चार वर्षं असं चाललं.

काका नोव्हेंबरात गेले. हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, गाडीत बंदूक ठेवताना. अंत्यविधीला निम्मे पुरुष शिकारीच्या भडक नारिंगी कोटात आले होते. चर्चमधून सरळ जंगलात जाणार होते आणि काकांना ते आवडलंच असतं. आत्या दारात उभी राहून प्रत्येकाचा हात हातात घेत होती. रडली नाही. लोक वाट बघत होते आता रडेल, मग रडेल. ती म्हणत होती, "आलात, बरं झालं. कॉफी तिकडे आहे."

टॉड निघताना तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जुलैला भेटू, आई. चौदा नंबरला."

"हं."

"खरंच. पोरांना तेवढंच हवंय. मलाही."

एवढंच ठरलं होतं. दुसरं काहीही ठरलं नव्हतं.

त्यानंतर आत्या जगत राहिली, म्हणजे करायचं ते करत राहिली. शेजारणींनी जेवण घालून आणलेली भांडी धुऊन, नावं वाचून, ज्याच्या त्याच्या घरी पोचवली. शनिवारी सौना, म्हणजे वाफेची खोली, तापवला, एकटी बसली, बंद केला. बाबांनी एकदा विचारलं, "व्हर्ना, बरी आहेस ना?" ती म्हणाली, "दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं आहे. गाल आहे की नाही ते चाचपून बघावं लागतं." एवढं लांब वाक्य तिने त्या हिवाळ्यात परत उच्चारलं नाही. बाबांनी नाकातून वारा काढला आणि बर्फ उपसायला गेले.

डिसेंबरात केव्हातरी 'पुढची' लिहिलेल्या घड्याळातला सेल संपला. ती आता कामाला जात नव्हती, बस दुसरा कुणीतरी चालवत होता. सेल बदलायचं तिच्या डोक्यात आलं नाही.

जानेवारीतला तो दिवस तिने कॅलेंडरवर गोल करून ठेवला होता. सकाळी उठली, कॉफी ठेवली, लॅपटॉप उघडला. जे घड्याळ चालू होतं त्याच्याकडे बघत बसली. आठला बटण दाबलं.

तळाचा नकाशा उघडला. बासष्टच्या बासष्ट जागा लाल.

तिला वाटलं यंत्र बिघडलं. बंद करून चालू केलं. मग मदतीचा नंबर होता त्यावर फोन लावला. एका मुलाने उचलला, आवाज असा की नुकताच मिशी फुटत असेल.

"चौदा नंबर, मॅडम? तो तर पहिल्या चार मिनिटांत गेला."

"आत्ताच तर आठ वाजलेत."

"मॅडम..." तो मुलगा जरा थांबला, बिचारा. "नऊ वाजलेत."

आत्या म्हणाली, "हं." फोन ठेवला. बंद घड्याळाकडे बघितलं. एकोणतीस वर्षांत तिने ही चूक एकदाही केली नव्हती, आणि चूक झाल्यावर काय वाटायला हवं ते तिला माहीत होतं, पण तसं काही आत आलं नाही. कॉफी अजून गरम होती. ती प्यायली.

हे सगळं तिने मला जुलैत सांगितलं, सपाट, बसचा मार्ग सांगावा तसं. मे संपत येईपर्यंत तर कुणाला म्हणून कुणाला काहीच माहीत नव्हतं. फेब्रुवारीत कारिनचा निरोप आला, यंदा पॅनकेकचा मोठा तवा मी आणते. आत्याने अंगठा पाठवला. मार्चमध्ये बाबांनी विचारलं, "चौदाच मिळाला ना?"

"हं."

खोटं बोलली असं कुणी म्हणू शकणार नाही. 'हं' म्हणाली.

आणि रोज सकाळी, आता बरोबर सातला, लॅपटॉप उघडून बसायची. कुणीतरी रद्द करेल म्हणून. कुणाचा तरी पाय मोडेल, कुणाचं लग्न मोडेल. सगळ्यांचे पाय आणि लग्नं त्या वर्षी टणक होती. मे महिना संपत आला तेव्हा एक चौकोन हिरवा झाला. एक्केचाळीस नंबर, संडासाच्या शेजारी, मंगळवार आणि बुधवार. दोन रात्री. तिने घेतला, आणि त्याच संध्याकाळी टॉडला फोन केला. मी तिच्याकडे रुबार्बचे आंबट देठ न्यायला गेले होते, आई त्यांचा मुरंबा करते. फोन स्पीकरवर होता, कारण तिला तो कानाला लावायला आवडत नाही.

"दोन रात्री?" टॉड म्हणाला.

"मंगळवार, बुधवार."

"आई, पण चौदा..."

"चौदा गेला. मी मागच्या वेळेने बसले."

पलीकडे टीव्हीचा आवाज होता, पोरं कशावरून तरी भांडत होती.

"तू? तू मागच्या वेळेने बसलीस?"

"हं."

"आणि आत्ता सांगतेस. मे संपत आला."

"वाट बघत होते. कुणी रद्द करेल म्हणून."

"नऊ तास गाडी, आई. पोरं मागे. दोन रात्रींसाठी." मग हळू आवाजात, "घरी आलो असतो. पण बाबांशिवाय त्या घरात आठवडाभर... मला नाही जमायचं. आत्ता तरी नाही."

"नको मग."

"कारिनची बहीण तिचा कॅम्पर देतेय. साउथ डकोटात ब्लॅक हिल्सला एक जागा सुटलीय, मी सहज बघत होतो, पोरांना ते डोंगर... तू पण चल ना. येशील?"

"घे ती जागा. पटकन घे, जाईल."

"आई, रागावलीस?"

"नाही."

आणि ती रागावली नव्हती. रागवायला जे काही लागतं ते तिच्याकडे शिल्लकच नव्हतं. फोन बंद करून तिने रुबार्बचे देठ मोजून माझ्या पिशवीत घातले. मी काहीतरी बोलायला हवं होतं. "पानं विषारी असतात," ती म्हणाली, "आईला सांग काढून टाकायला." आईला हे तीस वर्षांपासून माहीत आहे.

जुलैत बाबांनी ठरवलं की व्हर्नाला दोन रात्री एकटीला जाऊ द्यायचं नाही. त्यांची सुट्टी नव्हती, म्हणून मी गेले. आत्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. कॅम्पर जोडला, पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, भाजून फॉइलमध्ये गुंडाळल्या, निघालो. वेळेची पाटी गेली तेव्हा तिने मनगटावरचं घड्याळ तासाने पुढे केलं, न बघता.

दारावरच्या खोलीत शेल्बी बसते, शाळेत असताना तिची आत्याच्या बसमधून ने-आण व्हायची. तिने यादीवर बोट फिरवलं आणि तोंड बारीक केलं.

"एक्केचाळीस, व्हर्ना? संडासाकडे?"

"हं."

"यंदा असं कसं..."

"बर्फाची पिशवी दे एक."

एक्केचाळीस नंबरचा एक फायदा होता. दाराबाहेरचं सोडलं तर सगळ्या तळावर फोनला रेंज फक्त तिथे, संडासाच्या भिंतीशी. त्यामुळे दिवसभर आमच्या टेबलामागे परगावचे लोक उभे राहून घरी फोन करत होते. "नाही गं, बाथरूम स्वच्छ आहेत." "कोलोरॅडोला जायचं होतं पण जागाच नाही, मग हे." "पोर्तुगाल? पुढच्या वर्षी बघू, आधी इथली पन्नास राज्यं तरी संपवू." आत्या पास्टी खात होती. तिच्या पाठीमागे अख्खा देश बोलत होता आणि ती त्यातले रुटाबागाचे, सलगमसारख्या कंदाचे, तुकडे बाजूला सारत होती. ते तिला पूर्वी आवडायचे.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला तळावरचा खरा कार्यक्रम सुरू होतो. नवे लोक येतात आणि कॅम्पर उलटा आत घालतात. जुने लोक खुर्च्या रस्त्याकडे वळवून बसतात. हे सगळीकडे असंच असतं. कुणी मोठ्याने हसत नाही, तो सभ्यपणा आहे. पण कुणी टीव्ही लावत नाही.

शिकागोची एक गाडी आली, मागे कोरा करकरीत कॅम्पर, बाजूला अजून दुकानाचं लेबल. चौदा नंबरसमोर थांबली. माणसाने स्टिअरिंग फिरवलं, कॅम्पर नको त्या बाजूला गेला. पुढे घेतला. परत. बायको मागे उभी राहून दोन्ही हात गोल गोल फिरवत होती.

"डावीकडे, ग्रेग."

"कुणाच्या डावीकडे?"

"माझ्या. नाही, तुझ्या. थांब. झाड."

"झाड दिसतंय मला."

"तुला दिसतंय तर मग त्याच्याकडे का जातोयस?"

शेजारच्या खुर्चीतला ओहायोचा म्हातारा समाधानाने म्हणाला, "पाचवी खेप." त्याची बायको म्हणाली, "सहावी. तू मघाशी आत गेला होतास."

आत्या उठली. मला वाटलं संडासात चाललीय. ती सरळ रस्ता ओलांडून गेली आणि गाडीच्या काचेवर बोटाने टकटक केलं.

"उतरा."

ग्रेग उतरला. पोलिसाने सांगितल्यासारखा उतरला. आत्या बसली, सीट पुढे ओढली, एकदा दोन्ही आरशांत बघितलं, आणि एका खेपेत कॅम्पर दोन बर्चच्या मध्ये नेऊन लावला. पाण्यापासून बरोबर काका लावायचे तेवढ्याच अंतरावर. उतरली, चाकामागे दोन ठोकळे लावले. खुर्च्यांमधून हलक्या टाळ्या आल्या.

"थोडा चढ आहे," ती म्हणाली. "कॅम्परचा पुढचा पाय दोन बोटं वर घ्या, नाहीतर रात्री डोकं खाली जातं."

बाईचं नाव बियाटा. तिने आत्याला सोडलंच नाही. खुर्ची उघडून दिली, हातात थंड बिअर दिली, मलाही बोलावून लिंबाचं काहीतरी दिलं. आत्या तळ्याकडे तोंड करून बसली, जिथे ती सत्तावीस वर्षं बसायची तिथेच, आणि काहीच झालं नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. काहीच झालं नाही.

बियाटा बोलत होती. ही जागा मिळवायला त्यांनी तीन फोनवर गजर लावले होते. "आणि ह्याला बघा. म्हणे आठला उठू. मी म्हटलं अरे बाबा, आठ त्यांचे, आपले सात. आपलं शिकागोचं घड्याळ तासाने मागे नाही का? ह्याच्या भरवशावर राहिले असते तर गेलीच होती."

"एकदा चुकलो तर किती वेळा ऐकवशील," ग्रेग म्हणाला.

"चुकला नाहीस. मी चुकू दिलं नाही."

आत्या बाटलीवरचा कागद नखाने सोडवत होती.

"माझंही घड्याळ मागचंच," ती म्हणाली. "मी आठला बसले."

बियाटा हसली, मग तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. तिने दोन झाडांकडे बघितलं, चाकामागच्या ठोकळ्यांकडे बघितलं.

"ही तुमची होती?"

"सत्तावीस वर्षं."

"ग्रेग," बियाटा नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "आपण बदलूया. आत्ता. आम्ही तुमच्या तिकडे जातो."

ग्रेगने नुकताच लावलेला कॅम्पर बघितला आणि त्याचा चेहरा पडला.

"नको," आत्या म्हणाली. "आत्ताच कुठे सरळ लागलाय." मग जरा वेळाने, "आणि माझं कुणी येणार नाहीये. मुलगा ब्लॅक हिल्सला गेलाय. त्यांनाही एक सुटलेली जागा मिळाली."

पाण्यावर एक लून ओरडला. ग्रेगने विचारलं, हे काय होतं, लांडगा? आत्या म्हणाली, "पक्षी."

बुधवारी दुपारी चारच्या पुढे आमच्या टेबलावर तिचा फोन वाजला. पडद्यावर मायलो, टॉडचा धाकटा, नऊ वर्षांचा. पूर्ण चेहरा नाही, एक नाकपुडी आणि कपाळ.

"आजी, बाबांनी मावशीचा कॅम्पर वाकडा केला."

मागून टॉडचा आवाज, "वाकडा नाही केला. अडकलाय. दे इकडे. आई? ऐकू येतंय?"

"हं."

"तासभर झाला. इकडून ट्रक, तिकडून कॅम्पर, मध्ये कोन झालाय. सगळे खुर्च्या टाकून बघतायत. एकजण कणीस खातोय."

"पुढे घे."

"पुढे घेतलं तर..."

"पुढे घे, टॉड. सरळ होईपर्यंत पुढे. दोन्ही आरशांत कॅम्परची सारखी बाजू दिसेस्तोवर."

इंजिनचा आवाज आला. कारिन बाहेरून ओरडली, बस बस बस.

"झाला सरळ."

"हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धर. वर नाही. अगदी खाली."

"एकच?"

"एकच. आता कॅम्परचं मागचं टोक जिकडे जायला हवं तिकडे हात ने. थोडासा. बोटभर. मायलो कुठे आहे?"

"इथे, आजी."

"तू मागचं टोक बघ आणि मला सांग कुठे चाललंय."

"झाडाकडे."

"झाड कुठल्या बाजूला?"

"ज्या बाजूला कणीसवाला आहे."

"टॉड, कणीसवाल्यापासून हात लांब ने. हळू. आता?"

"आता कणीसवाला उठला," मायलो म्हणाला.

"छान. ने आणखी."

ती फोन टेबलावर ठेवून त्याच्यावर वाकली होती आणि तिचा उजवा हात हवेत, पोटासमोर, बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे सरकत होता. भिंतीशी फोन करायला आलेला एक माणूस बोलायचं थांबून बघत राहिला. पंधरा मिनिटं गेली असतील. मग तिकडून इंजिन बंद झालं आणि बऱ्याच लोकांच्या टाळ्या आल्या, आमच्याकडच्यासारख्याच, हलक्या.

"लागला," टॉड म्हणाला. त्याला दम लागला होता. "आई, बाबांनी मला कधी स्टिअरिंग धरूच दिलं नाही."

"मलाही दिलं नव्हतं. मी बस चालवायला लागले तेव्हा दिलं."

तो हसला. मग हसण्याचा आवाज बदलला आणि तो थोडा वेळ फोनपासून लांब गेला. आत्याने टेबलावरचं चिमूटभर मीठ बोटाने एका रेषेत केलं.

टॉड परत आला. "चौदाला कोण आहे?"

"शिकागोचे. बरे आहेत."

"आम्ही शनिवारी इथून निघतोय." तो म्हणाला. "खालच्या मोठ्या रस्त्याने जायचं होतं. पण वरचा रस्ता धरला, तर रविवारी संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे पोचू. एक रात्र. घरी. चालेल?"

"घरी?"

"हो."

"तुला जमेल?"

"माहीत नाही. बघू. एकच रात्र आहे."

"हं," ती म्हणाली, आणि मी खाली बघितलं, कारण आता ती दुसऱ्या कामाला लागणार हे मला माहीत होतं. पण ती थांबली. "ये," ती म्हणाली. "रात्र झाली तरी ये. दार उघडं ठेवते."

फोन ठेवून तिने टेबल पुसलं आणि खुर्च्या मिटल्या. अजून एक रात्र आपली आहे, मी म्हटलं, पैसे भरलेत.

"पलंगावर काकांचे कपडे आहेत," ती म्हणाली. "टॉडच्या खोलीत. नोव्हेंबरपासून तसेच ठेवलेत. ते काढायचेत."

तासाभरात आम्ही बाहेर. बियाटा हात हलवायला रस्त्यापर्यंत आली. दाराशी आत्याने काच खाली केली आणि शेल्बीला सांगितलं, एक्केचाळीस आजची मोकळी. शेल्बीने बटण दाबलं. आमच्या पुढे दाराबाहेर कडेला एक गाडी उभी होती, केंटकीची, मागच्या काचेत झोपलेली दोन पोरं. आत बसलेला माणूस फोनकडे बघत होता. त्याने मान वर केली, बायकोला काहीतरी म्हणाला आणि गाडी सुरू केली. आत्याने त्याला आधी आत जाऊ दिलं.

घरी पोचल्यावर ती टॉडच्या खोलीत गेली. मी दारात उभी होते. तिने चार शर्ट, दोन पँट आणि काकांचा शिकारीचा नारिंगी कोट एकेक करून उचलला आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवला. नेताना नाकाला लावला नाही, घडी उलगडली नाही. मग पलंगावरची चादर ओढून काढली, उशांचे अभ्रे काढले आणि मशीन लावलं.

"गरम पाण्यात?" मी विचारलं.

"कोमट," ती म्हणाली.